एका शब्दाचे रामटेकेकाका

सुजाताचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात एका मीटिंगमधून उठून दुसऱ्या मीटिंगकडे निघाले होते. “ताई, बाबा गेले. सकाळी, चहा घेऊन झाल्यावर,” ती म्हणाली. आणि मी म्हणाले, “बरं.”

शब्द तोंडातून गेला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडील गेल्याचं सांगणाऱ्या मुलीला कोणी ‘बरं’ म्हणतं का? पण दिवसभर बरं, ओके, चालेल म्हणत कामं उरकायची सवय जिभेला लागलेली… पलीकडून सुजाता रडक्या आवाजात म्हणाली, “हे बाबांनी कुठल्या रकान्यात घातलं असतं हो, ताई?” मी तिथेच कॉफीच्या मशीनपाशी भिंतीला टेकून उभी राहिले. आम्ही दोघी त्या क्षणी हसलो की रडलो ते आता सांगता येणार नाही. त्या प्रश्नाचा अर्थ कळणारी माणसं जगात तीन होती आणि त्यातलं एक त्या सकाळी कमी झालं होतं.

याला आता पाच आठवडे झाले. शालिक रामटेके हे नाव वाचकांनी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. ते मुद्रितशोधक होते, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका काढणारे. हे काम चांगलं झालं तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि वाईट झालं तर सगळ्यांच्या येतं. काकांचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.

त्यांची माझी ओळख बुधवार पेठेतली. नव्वदच्या दशकाची अखेर होती. टेपरेकॉर्डर आणि त्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या वर, अरुंद जिन्याने चढून गेलं की आमचं प्रकाशन होतं. मी नुकतीच एम.ए. होऊन तिथे संपादनात मदतनीस म्हणून लागले होते. शिशाचे खिळे एकेक जुळवून छापण्याचे दिवस संपून कॉम्प्युटर आले होते आणि आतल्या खोलीत एसी बसवला होता, तो अर्थातच कॉम्प्युटरसाठी. माणसांनी बाहेर पंख्याखाली बसायचं. मालक म्हणायचे, “कॉम्प्युटर बिघडला तर माणूस बोलवावा लागतो. तुम्ही बिघडलात तर घरी जाता.” काका कोथरूडहून बसने आठवड्यातून तीनदा यायचे. मूळचे भंडारा जिल्ह्यातले, तरुणपणी पुण्याला आले, एका छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासली आणि तो बंद पडल्यावर आमच्याकडे आले. पांढरा बुशशर्ट, खिशाला लाल पेन आणि पेन्सिलीचा तुकडा. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हणाले. “सर नका म्हणू, बाई. मी कोणाला शिकवत नाही. लोकांच्या चुका काढतो फक्त,” ते म्हणाले. मग ते काका झाले. मला मात्र ते शेवटपर्यंत ‘बाई’च म्हणत राहिले. त्यांच्याकडे लेकीला, बहिणीलाही बाई म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी तो ऑफिसातला मान समजून मिरवत होते.

त्या वर्षी मालकांनी एक शंभरीच्या घरातली गाजलेली कादंबरी नव्याने काढायचं ठरवलं. तिचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जो अपराध येणार आहे तो कादंबरीचा नाही, माझा आहे. तालुक्याच्या गावातलं एक मोठं घर, त्यातली धाकटी सून, सत्ता चालवणारी सासू, आणि घरात वर्षभर घडत गेलेल्या गोष्टी. कादंबरी सुनेच्या बाजूने लिहिलेली आहे, पण सून फारशी बोलत नाही. कोणी काहीही सांगितलं की म्हणते, ‘बरं’.

प्रुफं तपासायची काकांची पद्धत जुनी होती. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने नव्या प्रुफावर बोट ठेवून ताडून पाहायचं. वाचायची पाळी माझी. नुसतं वाचून भागत नसे, चिन्हंही वाचावी लागत. “अवतरण चालू, बरं, पूर्णविराम, अवतरण बंद.” असं दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. आठवड्याभरात घरी आईने भाजी आणायला सांगितली तरी माझ्या तोंडून पूर्णविरामासकट ‘बरं’ बाहेर पडायला लागलं. त्यातून काका मला अडवायचे. “नाही जी. असं नाही म्हटलं तिने.” मी पुन्हा म्हणायचे. “हे तर तुम्ही बसच्या कंडक्टरला म्हटलं. तिला सासू म्हणाली आहे की माहेरी जायचं नाही. आता म्हणा.” मी वैतागून विचारलं, “काका, प्रुफं तपासायला आवाज कशाला नीट लागतो?” ते म्हणाले, “काहून नाही? आवाज चुकला की माझं बोट पुढे पळते. मग चूक राहते.”

हळूहळू मलाही त्या शब्दाचा नाद लागला. सासऱ्यांचं ‘बरं’ म्हणजे आता बोलणं पुरे. नवरा हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणतो ते ‘बरं बरं’ म्हणजे ऐकलंच नाही. शेजारीण ‘बरं का’ म्हणून सुरुवात करते तेव्हा कोणाची तरी अब्रू जाणार असते. वैद्य नाडी सोडून नुसतं ‘बरं’ म्हणतो आणि अख्खं घर घाबरतं. आणि सुनेची तर किती… कबुलीची, रागाची, हरल्याची, एकदा तर चक्क आनंदाची, पतंग उडवायला गच्चीवर ये म्हणून धाकट्या दिराने हाक मारल्यावरची. काका प्रुफाच्या समासात प्रत्येकापुढे एक बारीक रेघ ओढायचे: थोरामोठ्याचं, वरून खाली आलेलं असेल तर खाली; धाकट्याचं, खालून वर गेलेलं असेल तर वर. हेच ते रकाने. तिसरा रकाना आडव्या रेघेचा, समोरासमोरच्या माणसांचा. त्यात सगळ्या पुस्तकात मोजून दोन रेघा पडल्या. त्या मागच्या दारच्या बाईच्या होत्या. सरपण घेऊन येणारी ही बाई अंगणापलीकडेच उभी राहते. तिला नाव नाही, चेहरा नाही. सून एकदा तिला विचारते, उद्या येशील ना? ती म्हणते, ‘बरं’. आणि एकदा सून गुपचूप तिच्या ओटीत भाकरी टाकते तेव्हा, पुन्हा ‘बरं’. काका तिथे थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “ही माझी आजी असेल. सरपणाचंच काम होतं तिचं.” माझ्या आजोळच्या घरालाही मागचं दार होतं. तिथे कोण यायचं, याचा मी तोपर्यंत कधी विचार केला नव्हता. मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

तिसरं प्रूफ झालं आणि काकांना गावाहून निरोप आला की आई अंथरुणाला खिळली आहे. ते महिनाभरासाठी गेले. इकडे पानं लावून झाल्यावर कळलं की पुस्तक पाच पानांनी उतू जातंय. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात छापतात. पाच पानांसाठी अख्खा नवीन फर्मा लावायचा, तर अकरा पानं कोरी जाणार. मालक म्हणाले, “बसवा कशीही.” मी विचार केला आणि मला ती युक्ती सुचली. संवादातलं एकेकटं ‘बरं’ एक पूर्ण ओळ खात होतं. अशा दीडशेच्या आसपास ओळी होत्या. काढून टाकल्या तर गोष्टीत कुठे खड्डा पडणार नव्हता. सासू बोलते, सून उठते, कामाला लागते, वाचकाला कळतंच. कॉम्प्युटरला शब्द शोधायला सांगायचा, तो दाखवेल तिथे थांबायचं, ओळ उडवायची. दुपारच्या चहापर्यंत पाच पानं गायब झाली. एसीच्या खोलीत बसायचा तेवढाच काय तो मान. मालक म्हणाले, “हुशार आहेस,” आणि आमचे मालक हे वाक्य सहसा वापरत नसत. मी दोन दिवस हवेत होते.

काका परत आले तेव्हा पुस्तक बाजारात गेलं होतं. त्यांची आई गेली होती. मालकांनी त्यांना घरी न्यायला एक प्रत दिली. तीन दिवसांनी ते आले ते गप्पच. दुसऱ्या एका पुस्तकाची प्रुफं त्यांनी उचलली, पिशवीत घातली आणि म्हणाले, “ही मी घरी पाहतो.” मी म्हटलं, “मी वाचते ना, काका.” “नाही, राहू द्या. तुम्हाला कामं असतात.” त्यानंतर त्यांनी मला कधी वाचायला बसवलं नाही. मला वाटलं, आईचं दुःख असेल. खरं सांगायचं तर मला कळलं होतं, पण मी ते कळू दिलं नाही स्वतःला.

सात-आठ महिने असेच गेले. एकदा आईसाठी दिवाळी अंक आणायला मी कोथरूडच्या आमच्या वाचनालयात गेले, सोसायटीच्या तळमजल्यावरचं छोटंसं. फळीवर आमची कादंबरी दिसली. आपलं नाव छापलेलं पुस्तक दिसलं की माणूस ते उघडून बघतोच. ‘संपादन साहाय्य’ म्हणून माझं होतं. उघडलं तर ओळींच्या मधे पेन्सिलीने बारीक खुणा. राहिलेला शब्द जिथे घालायचा तिथे प्रूफवाले करतात ती काकपदाची खूण, आणि समासात मोत्यासारख्या अक्षरात: बरं. पुढच्या पानावर दोन. त्याच्या पुढच्या पानावर तीन. मी उभ्या उभ्या पानं उलटत गेले आणि माझे कान तापले. मी ते पुस्तक माझ्या नावावर घेतलं आणि तशीच काकांच्या घरी गेले.

काकांची बायको लवकर गेली होती. घरात ते आणि बारावीतली सुजाता. तिने दार उघडलं. मी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं.

“काका, हे तुम्ही केलंत?”

“अक्षर तर माझंच दिसते.”

“लायब्ररीच्या पुस्तकात?”

“पेन्सिलीने केलं आहे, बाई. खोडता येते. तुम्ही केलं ते खोडता येत नाही.”

मग कळलं की असं त्यांनी पाच वाचनालयांत केलं होतं. सभासद व्हायचं, पुस्तक घरी आणायचं, शब्द जागच्या जागी घालायचे, परत करायचं. एका ठिकाणी पुस्तकात लिहिल्याबद्दल त्यांचं सभासदत्व रद्द झालं होतं. “त्यांचं बरोबर आहे. पुस्तकात लिहू नये,” काका गंभीरपणे म्हणाले. मी फर्म्याचं, पाच पानांचं सगळं सांगत सुटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. इतकी वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाला मी फर्मा म्हणजे काय ते समजावून सांगत होते! माझं संपल्यावर ते म्हणाले, “मागच्या दारच्या बाईला लेखकाने दोनदाच बोलू दिलं होतं. दोन्ही वेळा एकच शब्द. आता तुमच्या पुस्तकात ती मुकी आहे.” मग म्हणाले, “महिनाभर मी आईजवळ बसलो होतो. शेवटी शेवटी तिचं बोलणं तेवढंच उरलं होतं. पाणी देऊ? बरं. कूस बदलू? बरं. इकडे आलो, पुस्तक उघडलं… तर इथलंही गेलेलं.”

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “चुकलं माझं, काका.” ते काहीच बोलले नाहीत. उठले, टेबलाच्या खणातून एक नवी पेन्सिल काढली, ब्लेडने तिला टोक केलं आणि माझ्या हातात दिली. सुजाताने चहा आणला. तो मी प्यायले की नाही आठवत नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष आमचे रविवार या कामात गेले. माझ्या स्कूटरवर मागे काका, मांडीवर पिशवी. पुण्यात वाचनालयं किती आहेत हे मला तेव्हा कळलं, आणि ती रविवारी किती वाजता बंद होतात हेही. एका पुस्तकावर दोघं बसायचो. पूर्वार्ध माझा, उत्तरार्ध त्यांचा, ही वाटणी त्यांनीच केलेली. बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराला मी सगळं खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, “घ्यायचंय का पुस्तक?” म्हटलं, नाही, दुरुस्त करायचंय. “मग दुरुस्त झाल्यासारखं समजा आणि घ्या.” काका बाहेर येऊन रस्त्यात उभे राहून हसले. त्यांना एवढं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. सगळ्या प्रती झाल्या का? छे. निम्म्याही नाहीत. लोकांच्या घरी गेलेल्या प्रतींना आम्ही कुठून हात लावणार! पण काकांनी मला पुन्हा वाचायला बसवायला सुरुवात केली होती, आणि मला खरं तर तेवढंच हवं होतं.

मग माझं तेच झालं जे त्या काळात आमच्या पिढीतल्या निम्म्या पुण्याचं झालं. आयटीत गेले. कंपन्यांना आपली सॉफ्टवेअरं मराठीत आणायची होती आणि मराठी येणारी माणसं हवी होती. अशी नोकरी जगात असू शकते यावर माझ्या वडिलांचा महिनाभर विश्वास बसला नाही. काकांची भेट आठवड्यावरून महिन्यावर गेली, मग सणावारावर. फोन मात्र असायचा. एकदा मी त्यांना विचारलं, “काका, स्क्रीनवर ओकेचं बटण असतं, त्याला मराठीत काय लिहू?” ते म्हणाले, “कोण कोणाला म्हणते ते सांगा आधी.” म्हटलं, यंत्र विचारतं आणि माणूस म्हणतो. ते म्हणाले, “मग ‘ठीक’ लिहा. ‘बरं’ नका लिहू, बाई. समोर माणूस लागतो त्याला.” मी ‘ठीक’ लिहिलं. आमच्या मॅनेजरने कारण विचारलं तेव्हा अक्षरं मावत नाहीत असं सांगितलं.

पुढे मालक गेले, प्रकाशन बंद झालं. सुजाता इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायला लागली आणि वाघोलीत फ्लॅट घेऊन काकांना घेऊन गेली. आणि एक दिवस सुजाताने त्यांच्या फोनवर ती कादंबरी उतरवून दिली, वाचायला सोपी, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून. मालकांच्या मुलाने जुनी फाइल जशीच्या तशी ई-बुक म्हणून चढवली होती. माझी फाइल. काकांनी मला फोन केला. तक्रार नाही, राग नाही. म्हणाले, “बाई, यात पेन्सिल चालते का?”

मी म्हटलं, “मी करते, काका. मालकांचा मुलगा ओळखीचा आहे. फाइल मागवून घेते आणि सगळं भरून देते. माझ्यावर सोडा.”

त्यांनी माझ्यावर सोडलं. या गोष्टीला दोन वर्षं झाली. दोन वर्षं मी रोज लोकांच्या फायली वेळेवर देत होते. वेळापत्रकं, मुदती, आठवण करून देणारे मेल… ही एक फाइल मात्र ‘या रविवारी’वर राहिली. काकांनी एकदाही विचारलं नाही. शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी तीन आठवड्यांची. नगर रोडची ती गर्दी पार करून मी पोचेपर्यंत ते बसून बसून थकले होते. पलंगावर उशीला टेकून त्यांनी माझे गुडघे, माझी आई, रस्त्याचं काम, सगळ्यांची चौकशी केली. मी वाट पाहत होते की आता विचारतील. विचारलं असतं तर मी लाजेने तिथल्या तिथे फोन लावला असता. पण ते जन्मभर लोकांच्या चुका काढून थकले होते की त्यांनी माझ्यापुरतं ते काम बंद केलं होतं, कोण जाणे. निघताना म्हणाले, “जपून जा. चौकात ट्रक फार आहेत.”

ते गेल्यावर आठव्या दिवशी मी मालकांच्या मुलाला फोन लावला. “अहो मॅडम, एवढंच ना? फाइल पाठवतो, तुम्ही करून द्या, मी संध्याकाळी बदलून टाकतो.” चार मिनिटं. दोन वर्षं आणि चार मिनिटं! मी फोन ठेवला आणि स्वतःची इतकी चीड आली की सांगायची सोय नाही. काकांना एक बरोबर झालेलं पान दाखवायला मला चार मिनिटं सापडली नव्हती.

मागच्या रविवारी मी आणि सुजाता वाघोलीत तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. हे काम एकट्याने करायचं नसतं, हे आम्हा दोघींनाही न सांगता कळत होतं. लॅपटॉप माझ्यापुढे, जुनी मूळ आवृत्ती मांडीवर. सुजाताने कपाटातून काकांची प्रत काढली, मालकांनी त्यांना दिलेली ती पहिली. वाचनालयांत त्यांनी जे केलं ते सगळं आधी या प्रतीत केलेलं होतं. मी ती कधीच पाहिली नव्हती. सुजाता वाचू लागली, “अवतरण चालू, बरं, पूर्णविराम, अवतरण बंद,” आणि मी जागा शोधून शब्द घालत गेले. तीही वडिलांसारखीच प्रत्येक वेळी वेगळं म्हणत होती. मागच्या दारच्या बाईपाशी आलो तेव्हा दोघीही थोड्या थांबलो. मग पुढे गेलो. दुपार झाली, जेवलो, पुन्हा बसलो.

शेवटून दुसऱ्या प्रकरणात सुजाता अडखळली. “ताई, इथे बाबांनी घातलेला नाही. काहीतरी लिहिलंय.” जुन्या आवृत्तीत पाहिलं. सासू मरणाच्या दारात आहे. सुनेला जवळ बोलावते आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणते, माझं चुकलं. मूळ पुस्तकात सून त्यावर म्हणते, ‘बरं’. माझ्या आवृत्तीत ती काहीच म्हणत नाही. सुजाताने प्रत माझ्याकडे सरकवली. त्या ओळीतलं काकपद आणि समासातला शब्द खोडलेला होता, पुसट डाग तेवढा उरला होता. बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘येथले बाईंनी काढले ते योग्य. उत्तर नको.’

खाली महिना घातला होता. मी पेन्सिल घेऊन घरी परतले होते, त्याच्या पुढचा महिना. उत्तरार्ध ते स्वतःकडे का ठेवत होते हे मला त्या टेबलाशी कळलं. ज्या माणसाने जन्मभर लेखकाचा एक स्वल्पविरामही हलवू दिला नाही, लेखकाचं ते लेखकाचं, आपण फक्त ताडून पाहायचं, असं जो मला रोज ऐकवायचा, त्याने एका जागी माझी चूक तशीच राहू दिली होती. त्यानंतरच्या प्रत्येक वाचनालयात, प्रत्येक प्रतीत, माझ्या शेजारी बसून. मला न सांगता. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सुजाताने पाठीवरून हात फिरवला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “मग इथे घालायचं की नाही?”

“घाल,” मी म्हणाले. “म्हणजे… मी घालते. तू वाच.”

“अहो, पण बाबांनी लिहिलंय योग्य म्हणून.”

“बाबांनी माझ्यासाठी लिहिलंय ते. पुस्तक लेखकाचं आहे.”

तिने वाचलं, मी शब्द घातला. संध्याकाळी फाइल गेली आणि रात्रीच्या आत बदललीही. आता कोणीही फोनवर ती कादंबरी उतरवली तर लेखकाने लिहिलेली सगळी ‘बरं’ जिथल्या तिथे सापडतील. काकांची प्रत सुजाताने मला दिली. ती माझ्या टेबलावर आहे. तिच्यात तेवढी एक जागा मोकळी आहे, आणि ती मी भरणार नाही.